तुझ्या कानातली शिट्टी

मुजीब,

तुझ्या कानात दोन-अडीच वर्षं शिट्टी वाजत होती, हे मला तू गेल्यावर कळलं. तेही तुझ्या अम्मीकडून, माझ्या खालाकडून. मी तुमच्या घरी बसायला गेलो होतो. खाला बोलता बोलता म्हणाली, "उशी डोक्यावर दाबून पडायचा. कानात शिट्टी वाजती म्हणायचा, बंदच व्हत न्हाई. तुला तर समदं सांगितलंच असंल त्यानं."

मी म्हणालो, "न्हाई खाला. मला न्हाई सांगितलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कानाचं तुला न्हाई सांगितलं?"

सगळ्या गेवराईत कानाचं दुखणं कुणापाशी बोलायचं असेल तर ते माझ्यापाशी, एवढं तिलाही ठाऊक होतं. तुला नव्हतं का?

विक्यानं मला दोन शब्द लिहायला सांगितलेत. तुझा ड्रमवाला, तुझ्या मागं आता बँडचा मालक. कॉलेजच्या हॉलमध्ये तुझा कार्यक्रम करायचा म्हणतोय. आधी मी बोलायचं, मग ते गाणं वाजवायचं. "गाणं तुझ्यावरच हाय ना बे, मग तूच बोललं पाहिजे," असं त्याचं म्हणणं. मी बसलो लिहायला. 'मनमिळाऊ मित्र, हरहुन्नरी कलावंत' इथपर्यंत आलो आणि खोडलं. तू ते वाचलं असतंस तर म्हणाला असतास, हरहुन्नरी काय बे, मी काय सर्कशीत हाय का. म्हणून जे खरं आहे ते लिहितो. विक्या, वाचून दाखवणार असशील तर सगळं वाच, मधलं गाळू नको.

खरं हे आहे की मुजीब, मला तुझा राग आहे. तू गेलास म्हणून तो कमी झालेला नाही.

आपली ओळख झाली ती पाण्याच्या टाकीमागं. पहिल्या वर्षाच्या स्वागताला कॉलेजनं डीजे आणला होता आणि मी दोन्ही कानांत बोटं घालून टाकीमागं उकिडवा बसलो होतो. अशा वेळी माणसं काय विचारतात ते मला लहानपणापासून पाठ होतं. काय झालं, येड लागलं का, भ्यालास का. तू समोर येऊन बसलास आणि विचारलंस, "कुठं दुखतंय?"

कुठं, असं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी बोटानं दाखवलं. कानात नाही, कानाच्या मागं, जबड्याच्या सांध्यात. तिथून दातात जातं. तू माझ्या जबड्यावर बोट ठेवून बघितलंस, बैलाचे दात बघावेत तसं. मग म्हणालास, "चल, आमच्या वखारीत. तिथं काय बी ऐकू येत न्हाई."

माझं घर शिरूर कासारच्या बाजूला, मेंढरं राखणारं. रानात आवाज असतो, पण तो अंगावर धावून येत नाही. मेंढराच्या गळ्यातली घंटा मला कधी लागली नाही. लागली ती शाळेची घंटा. पत्र्यावर लोखंडी दांडा मारायचे आणि मी पाटी टाकून पळायचो. आईनं कानात तेल घातलं, देवऋषी केला, बापानं चापट्या मारल्या. तरी मी शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये एकावर एक आदळणाऱ्या स्टीलच्या ताटांपायी कॉलेज सोडून परत जायची वेळ आली होती. तू भेटला नसतास तर गेलो असतो. हे मी रागातही विसरत नाही. परीक्षेला माझी जागा घंटेपासून लांब व्हावी म्हणून तू सरांपुढे हात जोडलेस. तुमच्या घरी ईदला शीरखुर्मा मला प्लॅस्टिकच्या वाटीत मिळायचा, आणि चमचा लाकडी. खालानं ताटाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायला कधी सुरुवात केली, ते मला आठवतसुद्धा नाही. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा माझ्या बापाच्या आधी तिनं माझ्या तोंडात पेढा घातला.

आणि तुमची वखार. फळांच्या दुकानामागची केळी पिकवायची खोली. जाड भिंती, दाराला आतून गोणपाटाचे थर, खाली पेंढा. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज तिथं पोचायचा नाही. पिकत्या केळ्यांच्या त्या गोड, जड वासात मी पहिल्यांदा गिटार ऐकली. वायर न लावता, नुसत्या बोटांनी. तू रॉकचं वेड कुठून घेतलंस देव जाणे. तुमच्या घरात कव्वाली सोडून कुणी काही ऐकत नव्हतं आणि तू आरशापुढं केस हलवायचास. तुझे अब्बा म्हणायचे, ह्याच्या डोक्यात उवा झाल्यात.

लोकांना वाटतं, ज्याला आवाज लागतो त्याला गाणं आवडत नाही. मला आवडायचं. हेच कुणाला समजावता येत नव्हतं. तिखट आवडणाऱ्या माणसाचं तोंड आलेलं असावं, तसं. तू समजून घ्यायचं ठरवलंस, अगदी हट्टानं. विचारत राहिलास आणि मी सांगत राहिलो. ढोल आधी छातीला कळतो, तिथं बरा वाटतो, मग कानाशी येऊन ठोसा मारतो. झांज सगळ्यात वाईट, फुटलेल्या काचेसारखी उडते आणि तिचे बारके तुकडे बराच वेळ आत टोचत राहतात. खालच्या पट्टीतली जाड तार मात्र लागत नाही. ती जमिनीतून येते, संध्याकाळी कळप परतताना पायाखाली जाणवतं तशी. आणि तुझी ती मशिनीतून काढलेली, फाटक्या आवाजाची गिटार म्हणजे दगडावरून पत्रा ओढत नेतात तसं. पण त्या पत्र्याच्या मागं कुणीतरी रडतंय असं वाटायचं आणि मला ते रडणं ऐकायचं असायचं. पत्रा बाजूला करून.

एकदा मी तुला म्हणालो होतो की सगळ्यांच्या कानाला कातडी असते, माझ्या कानाला नाही.

तू मग मला संभाजीनगरला डॉक्टरकडे घेऊन गेलास. मशिनीनं सांगितलं, कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, ऐकू नीट येतं, पण आलेला आवाज मेंदू असा घेतो की त्याचा मार बसतो. हे खरं दुखणं आहे, सोंग नाही. मी बापाला फोन लावला तर तो म्हणाला, "म्हंजी कान चांगलं हायत ना? मग झालं की." तू बाकावर हसून आडवा झालास. तिथं थांबलेल्या लोकांनाही तू सोडलं नाहीस. एक कॉलेजची मुलगी होती, तिला गाणं कितीही मोठं चालायचं, पण गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या की ती थरथरायला लागायची, कारण टाळी कधी पडेल ते आधी कळत नाही. एक एसटीचे रिटायर ड्रायव्हर होते. ते म्हणाले, हॉर्न मी वाजवला तर काही नाही, दुसऱ्यानं वाजवला की मस्तकात जातो, चमचा ताटाला घासला तर माणसाला मारावंसं वाटतं. तू त्यांना विचारलंस, "आणि रॉक गाणं, काका?" ते म्हणाले, ते काय असतं. तू तिथल्या तिथं गुणगुणून दाखवलंस आणि नर्सनं आपल्याला बाहेर काढलं.

येताना एसटीत तू म्हणालास की तू एक गाणं करणार, जे आम्ही सगळे शेवटपर्यंत ऐकू शकू.

ते गाणं आपण वखारीत केलं. आपण, असं मी अजूनही म्हणतो. पद्धत तुझीच. मी पेंढ्यावर डोळे मिटून बसायचं, तू वाजवायचं. जिथं लागेल तिथं मी हात वर करायचा. हात वर झाला की तू थांबायचं, जिथं असशील तिथं, सूर अर्धा असला तरी. मग तो तुकडा बदलायचा. विक्याची झांज काढली, तिथं गोणपाटावर हाताची थाप आली. फाटकी गिटार गेली, जाड तार आली. विक्या कंटाळायचा, म्हणायचा हे रॉक न्हाई, ही अंगाई हाय. तू त्याला म्हणायचास, "गप बे. नाम्याचा हात वर गेला की आपला हात खाली." इतक्या दिवसांत तू एकदाही न थांबता पुढं गेला नाहीस. माझ्या आयुष्यात माझ्या हाताला एवढा मान कुठंच मिळाला नव्हता, मुजीब. घरी नाही, शाळेत नाही. एखादा आवाज माझ्या सांगण्यावरून थांबू शकतो, हे मला त्या वखारीत कळलं.

म्हणून पुढचं मला जड गेलं.

कॉलेजनं माजी विद्यार्थी म्हणून तुमच्या बँडला गॅदरिंगला बोलावलं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो होतो. तू मला पहिल्या रांगेत बसवलंस. कानात बोळे घालू नको म्हणालास, आपलंच गाणं आहे. सुरुवात आपलीच होती. जाड तार, थाप, तुझा हळू आवाज. मी आजूबाजूच्या लोकांकडे बघितलं, ते सगळे ऐकत होते, आणि मला वाटलं की आज मी यांच्यातला एक आहे.

मग तू पायानं त्या मशिनीचं बटण दाबलंस. फाटकी गिटार आली. झांज आली. आपण काढून टाकलेलं सगळं, एकेक करून, जसंच्या तसं परत आलं. मेसची ताटं तू कधी रेकॉर्ड केलीस मला माहीत नाही. कुकरची शिट्टी होती. शाळेची घंटासुद्धा होती. आणि त्या सगळ्यावर तू माझं वाक्य ओरडत होतास, माझ्या कानाला कातडी न्हाई, माझ्या कानाला कातडी न्हाई.

मी हात वर केला. उभा राहून केला. तू माझ्याकडे बघितलंस. आपण समोरासमोर होतो, तुझ्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. तू डोळे मिटलेस आणि पुढं वाजवत राहिलास.

मी धावत बाहेर आलो, टाकीमागं नाही, थेट रस्त्यावर. त्यामुळं ते गाणं कसं संपतं ते मला माहीत नाही. लोक नाचले असं नंतर ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा मला एवढंच विचारायचं होतं की माझा हात दिसला का. नाही म्हणाला असतास तर मी मानलं असतं. एवढा अंधार, एवढी गर्दी, मी स्वतःला समजावलंही होतं तसं. पण तू खोटं बोलला नाहीस. "दिसला," म्हणालास. "थांबता आलं न्हाई."

मग आपलं ते भांडण झालं, जे अजून तसंच पडलेलं आहे. तुझं म्हणणं, दुखतं ते सगळं काढलं तर गाण्यात तुझं काय उरलं बे? लोकांना ते ऐकू नको का? त्यांच्या बी कानाला लागू दे की एकदा. माझं म्हणणं, त्यांना लागलं नाही. त्यांनी त्यावर नाच केला. तू माझं दुखणं त्यांना दिलंस आणि ते त्यांना मजेचं झालं. तू म्हणालास, लोक रडत बी होते. मी म्हणालो, मी तिथं नव्हतो, मला कसं दिसणार. तू म्हणालास, गाणं चांगलं झालंय का नाही ते सांग. चांगलं झालं होतं. म्हणून तर मला ते सहन होत नव्हतं.

नंतर पोरं बसस्टँडवर मला बघून 'कातडी न्हाई' असं ओरडायला लागली. वर्गात मी फळ्याकडे वळलो की मागं एखादं पोर डबा आपटायचं, सर खरंच दचकतात का बघायला. एवढी वर्षं मी जे लपवून शिकलो, शिकवायला लागलो, ते तू माइकवरून गावाला सांगून टाकलंस. तुला मी हे बोललो नाही. वाटलं, तुझं तुला कळेल. आपण भेटत राहिलो, चहा पीत राहिलो, क्रिकेटचं बोलत राहिलो. वखारीत मात्र मी परत आलो नाही आणि तूही बोलावलं नाहीस.

आणि त्याच दिवसांत तुझ्या कानात शिट्टी सुरू झाली होती.

खालाला मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यानं. ती आधी पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मी म्हणलं हुतं त्याला, नाम्याकडं जा, त्याला ठाव हाय कानाचं. तर म्हणला, नाम्याला बोलू नगंस अम्मी. तो म्हणंल, बघ, मी हात वर केलता."

मुजीब, म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो, आणि तुला ऐकावं लागलं असतं. पण त्यानंतर मी तुला त्याच डॉक्टरकडे नेलं असतं. शिट्टीपेक्षा शांतता वाईट असते, शांततेत शिट्टी मोठी होते, म्हणून खोलीत पंखा चालू ठेवून झोपायचं, हे मी तुला सांगितलं असतं. ती शिट्टी किती उंच आहे, एका कानात की दोन्ही, हे मी तुला विचारलं असतं. तू मला विचारलंस तसं, कुठं दुखतंय. गेवराईत हे विचारू शकणारा मी एकच माणूस होतो आणि तू माझ्यापासूनच लपवलंस. तू माझे कान घेतलेस, सगळेच्या सगळे, बारीकसारीक तपशिलांसकट, आणि स्वतःचे मला दिले नाहीस. स्टेजवर जे झालं त्याहून हे मला जास्त लागलं आहे.

तुझा अपघात झाला तेव्हा लोक म्हणत होते, ट्रकवाल्यानं मागून केवढा हॉर्न दिला, पोरानं वळून बघितलं नाही. मी सगळ्यांशी भांडलो. मुजीबला हॉर्न ऐकू आला नाही असं होणारच नाही, त्याच्यासारखे कान कुणाचे नाहीत, असं म्हणालो. आता काय म्हणू? मी तो विचार खालासमोर बोललो नाही. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की तो तिच्या मनात माझ्याआधी येऊन गेला होता.

थोड्या वेळानं तिनं मला विचारलं की तुझं ते गाणं माझ्याकडं आहे का. तिनं ते कधीच ऐकलं नव्हतं. विक्यानं मला मोबाइलवर पाठवलं होतं, मी उघडलं नव्हतं. मी म्हणालो, खाला, घरात मातम आहे, कुणी ऐकलं तर काय म्हणेल. ती म्हणाली, "बारीक करून दे. माझ्या पोरानं कशापायी कान घालवलं ते मला कळाया नगं का?"

मी गाणं लावून दिलं. मोबाइल कानाशी धरून ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. समोर तुमचा हातगाडा रिकामा उभा होता. अब्बा दुकानात जायला लागलेत, पण गाडा कुणी लावत नाही.

ती बराच वेळ आत होती. तिनं एकदाच ऐकलं की परत परत लावलं, ते मला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा मोबाइलची काच तिनं पदरानं पुसली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. माझ्याशेजारी ओट्यावर बसली.

"गाणं कुठं हाय रे ते," ती म्हणाली. "वरडतोय नुसता. कुठंतरी लई लागल्यावानी वरडतोय." आणि मग म्हणाली, "एवढा वरडत हुता तर कुणी थांबिवलं कावून न्हाई त्याला?"

मी गप्प राहायला हवं होतं. तिचा मुलगा जाऊन महिना झाला नव्हता. पण तिनं खरं विचारलं होतं. मी म्हणालो, "मी म्हणालो होतो खाला, थांब म्हणून. त्यानं बघितलं माझ्याकडं. थांबला न्हाई."

मला वाटलं, आता ती मला ऊठ म्हणेल. ती रस्त्याकडे बघत राहिली.

"मी तर रोज म्हणायची," ती म्हणाली. "बस कर बेटा, लई झालं. माझं बी न्हाई ऐकलं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आपल्या दोघांचं बी न्हाई ऐकलं त्यानं."

मुजीब, तू गेल्यापासून मी रडलो नव्हतो. मयतीला नाही, मातीला नाही. सगळे तुझं चांगलंच बोलत होते आणि त्यांच्यात माझा राग घेऊन मला कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं. तुझ्यावर रुसलेलं आणखी एक माणूस त्या ओट्यावर होतं, तेही तुझी आई, तेव्हा मला रडू फुटलं. मी कधी मोठ्यानं रडत नाही, तुला माहीत आहे. लहानपणीसुद्धा तोंडात सदरा कोंबून रडायचो. त्या दिवशी रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. खालानं मला गप्प केलं नाही. माझ्याच आवाजानं माझे कान दुखत होते, जबड्यापासून दातापर्यंत, आणि तरी मी थांबलो नाही.